अर्धा तोळा प्लास्टिक, दीड तोळा धातू

नागपुरात इतवारीच्या सराफ्यात एखाद्या पेढीवर काटा समोर असेल तर खिशातलं साधं क्रेडिट कार्ड त्यावर ठेवून बघा. ५ ग्रॅमच्या आसपास भरेल, म्हणजे हल्लीच्या १० ग्रॅमच्या तोळ्याने अर्धा तोळा. धातूचं कार्ड १२ पासून २० ग्रॅमपर्यंत जातं. माप मात्र दोघांचं एकच: लांबी ८५.६० मिलिमीटर, रुंदी ५३.९८, जाडी ०.७६. जगभरातल्या मशीनची खाच याच मापाची असल्यामुळे त्यात कोणालाच फेरफार करता येत नाही. मग कार्ड वेगळं वाटावं यासाठी बँकेच्या हातात उरतं काय? वजन, रंग, पृष्ठभाग, कड आणि काउंटरच्या काचेवर ठेवल्यावर होणारा आवाज.

या गोष्टींना नुसता दिखावा म्हणणं मला पटत नाही. पासबुक मोबाइलमध्ये गेलं, स्टेटमेंट ईमेलवर येतं, शाखेची पायरी वर्षात एखाद्या वेळी चढली तर चढली. बँकेची हाताला लागणारी वस्तू आता हे कार्डच. ते चारचौघांत बाहेर निघतं, धरमपेठेतल्या हॉटेलात बिलाच्या फोल्डरमध्ये ठेवलं जातं, दुकानदाराच्या हातात जातं. लग्नाची पत्रिका हातात आली की आपण कागदाची जाडी चाचपतोच ना, तसंच हे.

रंगांची उतरंड अमेरिकन एक्स्प्रेसने घालून दिली. १९५९ मध्ये प्लास्टिकचं कार्ड, १९६६ मध्ये गोल्ड, १९८४ मध्ये प्लॅटिनम, १९९९ मध्ये काळं सेंच्युरियन. बाकीच्यांनी तीच शिडी उचलली. आपल्याकडे शुभकार्यात काळा रंग टाळतात, पण कार्डाच्या बाबतीत तोच रंग सगळ्यात वरचा मानला जातो. एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा, रंगावरून लिमिट कळत नाही. एकाच डिझाइनच्या दोन कार्डांवर एकाला ५०,००० आणि दुसऱ्याला ५ लाख असू शकतात.

आता आत काय असतं ते. साधं कार्ड म्हणजे पीव्हीसी या प्लास्टिकच्या पातळ थरांची थप्पी. मधले थर पांढरे, त्यावर छपाई, वर-खाली पारदर्शक पापुद्रा. आतल्या थरात तांब्याची बारीक तार कडेने फिरवलेली असते, तीच टॅप करण्याची अँटेना. हे सगळं उष्णता आणि दाबाने एकजीव करतात, मग कार्डं कापतात, चिपपुरता खड्डा कोरतात आणि चिप चिकटवतात. म्हणून मागच्या खिशात ठेवून दिवसभर बसलात की दोन जागी दुखणं सुरू होतं. चिपचा डिंक सुटतो, किंवा अँटेनाचा जोड तुटतो. टॅप होत नाही पण आत घातलं की चालतं, असं झालं तर बहुधा अँटेना गेलेली असते. किल्लीच्या जुडग्यात अडकवायला कार्डाला भोक पाडलं, तरी कडेची तार तुटून हेच होतं.

धातूच्या कार्डाचं दुखणं वेगळं. टॅपचं काम १३.५६ मेगाहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रावर चालतं आणि अखंड धातू ते क्षेत्र अडवतो, कारण धातूतच भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि सिग्नल खाऊन टाकतात. त्यामुळे बरीचशी ‘मेटल’ कार्डं खरं तर सँडविच असतात: समोर धातूचा पत्रा, मागे प्लास्टिक, प्लास्टिकमध्ये अँटेना आणि दोघांच्या मध्ये फेराइटचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र धातूपर्यंत पोचू न देणाऱ्या पदार्थाचा थर. दुकानदार सवयीने चकचकीत बाजू मशीनला लावतो, दोनदा ‘पुन्हा प्रयत्न करा’ येतं, आणि मागे रांगेतले लोक बघत असतात. कार्ड उलटं करा, मागची बाजू मशीनच्या खुणेवर सपाट टेकवा, क्षणभर स्थिर धरा. एवढ्याने बहुतेक वेळा काम होतं. पिन न टाकता टॅपची मर्यादा ५,००० रुपये आहे, ही रक्कम १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. पाकिटात धातूच्या कार्डाला चिकटून दुसरं कार्ड ठेवू नका. धातूची कड शेजारच्या कार्डाची छपाई घासते. आणि जे एटीएम कार्ड पूर्ण आत ओढून घेतं, तिथे धातूचं कार्ड शक्यतो घालूच नये.

नागपूरकरांनी उन्हाचा विचार वेगळा करायलाच हवा. कार्डाच्या आंतरराष्ट्रीय मानकात वापराची वरची मर्यादा ५० अंश सेल्सिअस धरलेली आहे. मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या वर जातो, मग बर्डीवर उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड ही मर्यादा सहज ओलांडतो. पीव्हीसी मऊ पडतं, कार्डाला बाक येतो आणि ते मशीनच्या खाचेत अडतं. पुस्तकाखाली दाबून सरळ झाल्यासारखं दिसलं तरी आतला जोड दुखावलेला असू शकतो. इस्त्री तर मुळीच फिरवू नका. सरळ बदली कार्ड मागवा.

पूर्वी कार्डाचा नंबर उठावदार आकड्यांत असायचा, कारण दुकानातल्या यंत्रात कार्ड दाबून कार्बन कागदावर त्याचा ठसा घेत. ती यंत्रं गेली आणि आकडे सपाट झाले, बऱ्याच कार्डांवर तर मागच्या बाजूला गेले. समोरचा भाग मोकळा आणि देखणा झाला खरा, पण सपाट छपाई घामाने आणि सॅनिटायझरने पुसट होते, आणि ऑनलाइन खरेदीला लागणारे सीव्हीव्हीचे तीन आकडे तर चटकन जातात. मॅट पृष्ठभाग हाताला मखमली लागतो, पण त्यावर ओरखडे जास्त उठून दिसतात. धातूचं कार्ड घ्यायच्या आधी वार्षिक शुल्कावर १८ टक्के जीएसटी धरा. १०,००० चं शुल्क ११,८०० होतं. हरवलं तर बदली कार्डाला किती पडतात, तेही तेव्हाच विचारून घ्या.

कार्ड बंद करायचं असेल तर थकबाकी शून्य करून अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ७ कामकाजी दिवसांत ते बंद झालं पाहिजे, नाही तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला मिळतात. प्लास्टिकचं कार्ड कापताना कात्री चिप आणि चुंबकीय पट्टी या दोन्हींतून गेली पाहिजे. धातूच्या कार्डाला घरातली कात्री लावू नका, पात्याची धार जाते आणि कापलेली कड बोटाला लागते. ते परत पाठवायची सोय आहे का, हे बँकेला विचारा.

स्पर्शाचा सगळ्यात मोलाचा उपयोग ज्यांना दिसत नाही त्यांना आहे, आणि त्याकडेच सगळ्यात उशिरा लक्ष गेलं. मास्टरकार्डने २०२१ मध्ये कार्डाच्या कडेला खाचा देण्याची पद्धत आणली: क्रेडिटला चौकोनी, डेबिटला गोल, प्रीपेडला त्रिकोणी. बोट फिरवलं की कोणतं कार्ड आणि कोणती बाजू, दोन्ही कळतं. हे प्रत्येक बँकेने द्यायला हवं. तुमच्या आईवडिलांची नजर अधू झाली असेल तर बँकेकडे अशा कार्डाची चौकशी करा. मिळालं नाही तर कार्डावर ठिपका चिकटवू नका, जाडी वाढून ते मशीनमध्ये अडकतं. प्रत्येक कार्डाला वेगळं पाऊच घ्या आणि पाऊचच्या कोपऱ्यात सुईदोऱ्याने गाठ मारा. क्रेडिटला एक, डेबिटला दोन.