परदेशातून आलेली पेटी

"पेटी परदेशातली? मगे बुवांच्या हातात ती इतकी आपली कशी दिसता?" कुडाळजवळच्या देवळात डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांमधला गाण्याचा सामना, रंगात आली असताना शेजारच्या आजोबांनी विचारलेला हा प्रश्न आज दिवसभर मनात घोळत राहिला.

ही पेटी, म्हणजेच हार्मोनियम, एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये आकाराला आली. तेथे वादक खुर्चीवर बसून पायाने भाता चालवत असे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताच्या भात्याचे रूप दिले, आणि मांडी घालून बसणाऱ्या आपल्या गवयांसाठी ती सोयीची झाली. तिच्यातून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड सरकत जाणे, निघत नाही हा शास्त्रीय संगीतातील जाणकारांचा आक्षेप खराच आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. इतका काळ एका वाद्याला परके मानणे मला अन्यायाचेच वाटते.

बाहेरून आलेले आपले होण्याचे आणखी एक उदाहरण आठवते. कोकणच्या याच किनाऱ्यावर, अलिबागच्या परिसरात वसलेल्या बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी कीर्तनाचा बाज स्वीकारला आणि त्यातून बायबलमधील कथा गायल्या. असे कीर्तन प्रत्यक्ष ऐकण्याची मला फार इच्छा आहे. आपल्यापैकी कोणी ते ऐकले आहे का?