पाचवीच्या गणिताच्या बाई

स्मरणिकेसाठी लिहा असा फोन आला आणि मला बाकी काही आठवलंच नाही, ना स्नेहसंमेलन ना सहल, फक्त पाचवीच्या गणिताच्या बाई आठवल्या. आपल्या बॅचला वेगळं सांगायला नको कोण ते.

मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष हवं तिथे टिकवणं मेंदूला जमत नाही. हे कळलं वयाच्या ४१व्या वर्षी. तोपर्यंत मी वेंधळी, धांदरट, आळशी होते. हे नेमकं कसं असतं ते सांगते. पान वाचते, डोळे ओळीवरून नीट खाली जातात, पान संपतं आणि डोक्यात एक शब्द उतरलेला नसतो. पाच मिनिटं आणि पन्नास मिनिटं आतून सारखीच वाटतात. काम समोर असतं, करायचं मनापासून असतं, तरी हात उचलत नाही, आणि लोकांना वाटतं हिला पर्वा नाही. पण चित्र काढायला बसले की चार तास तहानभूक नसते. म्हणजे लक्ष असतं हो, ते कुठे जाईल हे माझ्या हातात नसतं.

एकदा बाईंनी मला खडू आणायला ऑफिसात पाठवलं. वाटेत नळाच्या भिंतीवर मुंग्यांची रांग होती, ती दोन ठिकाणी तुटून परत जुळत होती, मी बघत उभी राहिले आणि तास संपल्याची घंटा झाली तेव्हा रिकाम्या हाताने वर्गात आले. सगळे गप्प. मला वाटलं आता पट्टी. बाई म्हणाल्या, "काय बघत होतीस गं?" मी मुंग्यांचं सांगितलं, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेनने माझ्या तळहातावर ‘खडू’ लिहिलं. "आता जा." त्यानंतर रोज खडू मीच आणायचे, दर तासाला एकदा उठायला मिळायचं, आणि मागच्या बाकाशी उभं राहून गणितं सोडवायला परवानगी होती. उभी असले की सुटायची.

निदानाच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, लहानपणापासूनचं काही लिहिलेलं आहे का? कारण लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात (२०१३ च्या आधी तर सातव्याच्या आधी असा नियम होता). आईने सगळी प्रगतिपुस्तकं जपून ठेवली होती. प्रत्येक इयत्तेत तोच शेरा, ‘हुशार आहे पण लक्ष देत नाही’. पाचवीचं उघडलं तर बाईंच्या अक्षरात, ‘हिला उभं राहून गणितं सोडवू द्यावीत, सुटतात.’ डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. मी तिथे रडले. १९८८ साल होतं ते, कोण बोलत होतं या विषयावर तेव्हा! सहावीत तो शेरा कुणी वाचला नाही आणि मी परत खाली बसले, ते वर्ष मला अजून सलतं.

आता गोळ्या चालू आहेत, फरक आहे. नकाशे काढायचं काम करते, उंच टेबलापाशी उभी राहूनच. वर्गात आता स्मार्ट बोर्ड आलेत म्हणे, चांगलंच आहे, पण मग खडू आणायला कुणाला पाठवतात?

बाईंना हे सगळं कळवायचं म्हणून तीनदा पत्र सुरू केलं, तिन्ही अर्धी राहिली. निमंत्रणात लिहिलंय की बाई कार्यक्रमाला येणार आहेत. प्रगतिपुस्तक पिशवीत घालून ठेवलंय, आणि तारीख तळहातावर.