इनामगावची पांढरी

न्हावऱ्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांनी जीव नकोसा केला. पुढे पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला घोड नदीकाठी उतरलो, तर बरोबरची मंडळी हिरमुसली. बघायला आहे काय? पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची माती आणि खापरांचे तुकडे. माझा मात्र तिथून पाय निघेना.

1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकळिया, अन्सारी, ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांनी इथे उत्खनन केलं. इ.स.पूर्व 1600च्या सुमारास इथे शेतकरी वसले. जव पिकवला, पुराचं पाणी पाटाने वळवलं. आणि आपली माणसं गेली की घरातच, पायाखालच्या जमिनीत पुरली. मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे. मोठ्यांची पावलं मात्र घोट्यापासून तोडलेली! मेलेला चालत निघून जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क. मला तो मनापासून पटतो. रान कसलं, पाट काढला, कोठार भरलं, की माणूस जागेला बांधला जातो. मग गेलेल्यालाही सोडवत नाही.

कोठारही सापडलंय, पाच खोल्यांच्या एका घराला लागून. ते घर गावप्रमुखाचं असावं. नंतरच्या काळातल्या अशाच पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात, चाळिशीचा एक पुरुष मांडी घालून बसवलेला मिळाला. त्याची पावलं शाबूत. धान्याच्या राशीबरोबर लहानमोठेपणही आलं, ते मरणातही सुटलं नाही, याचा मला खरंच त्रास झाला.

इ.स.पूर्व 1000नंतर पाऊस हटला. चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, शेतीपेक्षा शेळ्यामेंढ्यांचा आधार वाढला. इ.स.पूर्व 700च्या सुमारास गाव उठलं.

परतताना बीडकडच्या ऊसतोड टोळीच्या कोप्यांपाशी, म्हणजे झोपड्यांपाशी थांबलो. एका मावशींनी आग्रहाने चहा पाजला. गावाकडे दोन एकर कोरडवाहू, त्यावर भागत नाही, म्हणून दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलायचं. मडक्यातल्या बाळांचं सांगितल्यावर म्हणाल्या, "घरातच ठेवलं ना? बरं केलं."

जाणार असाल तर आधी पुण्यात डेक्कन कॉलेजचं संग्रहालय बघा, नाहीतर पांढरीवर काही उमगणार नाही. मला तरी तिथे माहितीचा एक फलक दिसला नाही, आणि महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांपैकी काहींच्या गावाला तो नसावा याचा मला राग येतो.