पाचशे रुपये कमी, की पाचशेचं सामान?

"नवी सायकल घेताना दुकानदार किती कमी करतो?" असं तुम्ही नेहमी विचारता, म्हणून लिहितो. साध्या, बिनगिअरच्या सायकलीत त्याला फारसं सुटत नाही. तिथे हजार पाडायचा हट्ट धरलात, तर तो फिटिंगच्या वेळात वाचवतो. सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. हँडल, पुढचं चाक, पेडल, सीट दुकानात बसतात, ब्रेक-गिअरही तिथेच लावतात. सगळं नीट करायला तासभर तरी हवा.

म्हणून आधी "सगळं धरून किती?" हे विचारा. गिअरच्या बऱ्याच सायकलींना स्टँड आणि मडगार्ड मुळात नसतातच. कुलूप, घंटी, पंप वेगळे, कधी फिटिंगही वेगळं लावतात. एकूण आकडा कळला की म्हणा, "भाऊ, किमतीत फार ओढत नाही, पण स्टँड, मडगार्ड, कुलूप यातच बसवा." पाचशे रोख सोडण्यापेक्षा पाचशेचं सामान देणं त्याला परवडतं, कारण सामानावर सुटतं जास्त.

खोक्यावरची छापील किंमत मात्र वाचा. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. त्याआधीची 11,200 ची सायकल त्या हिशेबाने 10,500 ला बसते. हे 700 रुपये सवलत म्हणून सांगितले तर सवलतीत मोजू नका. गेल्या वर्षीचा रंग किंवा मॉडेल चालत असेल तर ते मागा, तिथे भाव खरंच तुटतो. जूनमध्ये शाळा उघडताना गिऱ्हाइकांची रांग असते, तेव्हा कोण ऐकणार?

"बिल नको असेल तर अजून कमी करतो" याला सरळ नाही म्हणा. बिल नसेल तर फ्रेमची वॉरंटी मागता येत नाही. पेडलच्या दांड्याखाली फ्रेमवर ठोकलेला नंबर बिलावर लिहून घ्या. सायकल चोरीला गेली तर पोलीस तोच विचारतात.

पैसे देण्याआधी सायकल तपासा. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची टोकं पुढे वळलेली हवीत. घाईत चिमटा उलटा राहतो आणि वळताना पाय चाकाला लागतो. चाक उचलून फिरवा. ब्रेकच्या रबरांमध्ये रिम डोलत असेल तर आउट काढून, म्हणजे चाक सरळ करून मागा. रबर टायरला घासत असेल तर टायर बाजूने कापला जातो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते तिरकं बसवून जोराने पिळलं, तर क्रँकचे, म्हणजे पेडलच्या दांड्याचे, आटे जातात आणि थोड्याच दिवसांत पेडल निघून येतं. पेडल वाकडं फिरताना दिसलं तर सायकल घेऊ नका.

महिन्याभरात केबल सैलावते, आरे ढिले पडतात, गिअर अडकायला लागतो. म्हणून शेवटचे दोनशे पाडण्याऐवजी पहिली सर्व्हिस फुकट मागा, आणि तीही बिलावर लिहून घ्या.