तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांना पाठमोरं का बसवते

स्टाफरूममध्ये, पालकसभेत, लग्नात भेटलेल्या जुन्या विद्यार्थ्यांकडूनसुद्धा तेच, मॅडम अर्थशास्त्राच्या तासाला पोरांना पाठमोरं बसवून काय खेळ चालतात, पोर्शन कधी संपायचा अशाने? घ्या मग.

एकाने फळ्यावरची आकृती तोंडी सांगायची, दुसऱ्याने फळ्याकडे पाठ करून वहीत काढायची. "हे इथून असं" म्हणायला बंदी. बास.

का, ते सांगते. एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, एक पूर्ण अंध मुलगी होती. परीक्षेला तिच्या खोलीत माझीच ड्यूटी. प्रश्न होता, मागणीचा नियम आकृतीसह स्पष्ट करा, अंधांसाठी बिनआकृतीचा पर्यायी प्रश्न नाही. तासाला 20 मिनिटं जादा मिळतात ती मिळाली होती, त्याबद्दल तक्रार नाही. तिचं उत्तर ऐकून लिहिणारा लेखनिक बारावी सायन्सचा. ती स्वच्छ सांगत होती, उभ्या अक्षावर किंमत, आडव्यावर मागणी, वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो. त्याने काढला चढता. मुद्दाम नाही हो, घाईत असेल. ती पुढच्या मुद्द्यावर गेलीसुद्धा आणि मी शेजारी उभी, सुपरवायझरने तोंड उघडायचं नाही हा नियम, आणि नियम बरोबरच आहे, नाहीतर उद्या कोणीही उत्तरं सांगत सुटेल. नाही उघडलं. बाहेर तिने विचारलं, मॅडम आकृती नीट आली ना? मी म्हटलं, चल, बस जाईल तुझी.

विद्यापीठाला पत्र लिहिलं. पोच आली.

आता वर्गात अंध कोणी नाही, मग कशाला, असं विचारता ना? अहो, डोळे असलेल्यांना तरी कुठे येतं! मागणीचा विस्तार म्हणजे त्याच वक्रावर खाली सरकणं आणि मागणीतली वाढ म्हणजे अख्खा वक्रच उजवीकडे. फळ्यावरून उतरवतात सगळे, सांगायला लावलं की निम्मे अडकतात. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठीच्या, फीडबॅक फॉर्ममध्ये हे कळत नाही, म्हणून मी बिननावाच्या चिठ्ठ्या घेते. एकीवर "पहिल्यांदा कळलं", दुसरीवर "टाइमपास, नोट्स द्या".

दुसरीवालाही खोटं बोलत नाहीये. दिवाळीआधी पोर्शन संपवून मिरवणारी मीच होते आणि ती बाई अजून कानाशी बडबडते की शेवटच्या युनिटवरचे मार्क काय कमी मोलाचे आहेत का. या सेमिस्टरला ते युनिट पळवतच संपवलं. पुढची चिठ्ठी त्यावर आली तर काय उत्तर देणार, माहीत नाही.