नोत्र दामचे गार्गॉइल : पाहायचे कुठून आणि कसे

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलचे गार्गॉइल, म्हणजे छपराचं पावसाचं पाणी तोंडातून बाहेर टाकणाऱ्या दगडी मूर्ती, पाहायचे असतील, तर समोरच्या चौकात न रेंगाळता उत्तरेकडच्या भिंतीला लागून जाणाऱ्या गल्लीत शिरा. माना ताणून भिंतीबाहेर झेपावलेले हे दगडी प्राणी तिथे थेट डोक्यावर येतात. मी तर म्हणेन, पाऊस लागला की मुद्दाम जा.

फ्रेंच उच्चार ‘गार्गूय’, आणि मूळ अर्थ घसा. फ्रान्समधल्या रूआँ शहराच्या संत रोमाँने मारलेल्या गार्गूय नावाच्या ड्रॅगनची दंतकथा सगळीकडे सांगतात, पण मला कामावरून पडलेलं नावच पटतं. छपराचं पाणी कडेच्या दगडी पन्हळीत उतरतं. तिथून ते भिंतीला बाहेरून टेकू देणाऱ्या कमानींच्या पाठीवरच्या चरातून गार्गॉइलपर्यंत येतं आणि त्याच्या घशातून बाहेर पडतं. आपल्या देवळांत अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणारं मकरमुख असतं, तसंच हे पावसाच्या पाण्यासाठी. मान लांब, कारण धार भिंतीपासून दूर पडायला हवी. पाणी भिंतीवरून ओघळलं की दगडांमधला चुना धुपतो. संख्या मोठी, कारण पाणी वाटलं गेलं की धारा बारीक होतात आणि खाली मार कमी बसतो. फ्रान्समधल्याच लाँ गावच्या कॅथीड्रलवर 1220 च्या सुमाराचे जाडजूड, दगडांच्या दोन थरांचे गार्गॉइल आहेत. पुढचे सडपातळ होत गेले.

ही लांब मानच त्यांचं दुखणं. चरात कचरा अडकला की पाणी तुंबतं, थंडीत गोठून फुगतं, चुनखडीला तडे जातात आणि मान तुटते. नोत्र दामवर तुटलेल्या काहींच्या जागी चक्क प्लास्टिकचे पाइप बसवावे लागले होते.

हनुवटी हातांवर टेकून, जीभ काढून शहराकडे बघणारा तो प्रसिद्ध राक्षस मात्र गार्गॉइल नव्हे. मनोऱ्यांच्या सज्जावरच्या या मूर्ती ‘शिमेर’, एकोणिसाव्या शतकात वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूकच्या जीर्णोद्धारात आलेल्या. त्यांच्यातून पाणी वाहत नाही. खरा गार्गॉइल ओळखायची खूण एकच : पाठीत चर आणि तोंडात भोक. शिमेर जवळून बघायला मनोऱ्याचं तिकीट ऑनलाइन आधी काढा. पायऱ्या चारशेच्या वर आहेत, लिफ्ट नाही.

फ्रेंच गवंडी ‘गार्गूय’ हाच शब्द फुटपाथमध्ये बसवलेल्या बिडाच्या अरुंद नळीलाही वापरतात. इमारतीच्या पाइपातलं पाणी ती रस्त्याकडेच्या गटारात नेते.