बकासुराच्या वाटचे बाळ

बकासुराची गोष्ट मुलांना सांगताना आपण घाईघाईने भीमापर्यंत पोहोचतो आणि त्याआधीचा भाग बहुधा गाळतो. एकचक्रा नगरीतील एका ब्राह्मणाच्या घरावर राक्षसाकडे माणूस पाठवण्याची वेळ आली आहे. बाप, आई आणि मुलगी आपापली बाजू मांडून ‘मीच जाते, मीच जातो’ असे म्हणत रडत आहेत, आणि एवढ्यात घरातले बोबडे पोर गवताची काडी उचलून ‘मी याने राक्षसाला मारतो’ असे म्हणते, तेव्हा त्या दुःखातही सगळ्यांना हसू येते. नागपूरच्या सीताबर्डीवरील एका चित्रपटगृहात ‘द फॅन्टॅस्टिक फोर : फर्स्ट स्टेप्स’ पाहताना मला हे घर सारखे आठवत होते.

फॅन्टॅस्टिक फोर म्हणजे अचाट शक्ती लाभलेले चौघांचे एक कुटुंब; स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६१ मध्ये या चौघांना चित्रकथेत जन्म दिला. पडद्यावर त्यांचे संसार याआधीही मांडले गेले, पण फारसे टिकले नाहीत. २५ जुलै २०२५ रोजी आलेल्या या नव्या चित्रपटात दिग्दर्शक मॅट शॅकमन यांनी एक शहाणपण केले आहे : अंतराळातील किरणांनी यांना शक्ती कशा मिळाल्या, हा इतिहास दूरदर्शन संचावरील एका कार्यक्रमातून झटपट उरकून ते थेट घरात शिरतात. काळ साठच्या दशकाचा, पण आपल्या पृथ्वीवरचा नव्हे. तिथे उडत्या मोटारीही आहेत आणि स्वयंपाकघरात लुडबुडणारा हर्बी नावाचा यंत्रमानवही. वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर रीड आणि स्यू या नवराबायकोला दिवस गेल्याचे कळते आणि रविवारच्या जेवणाच्या वेळी ही बातमी बाकीच्या दोघांपासून, म्हणजे स्यूचा भाऊ जॉनी आणि रीडचा मित्र बेन यांच्यापासून, लपून राहत नाही. आपल्याकडे तरी कुठे लपते?

मग ग्रहच्या ग्रह गिळणारा गॅलॅक्टस येतो आणि पृथ्वी सोडण्याच्या बदल्यात ते न जन्मलेले बाळ मागतो. आईबाप नकार देतात, परत येऊन पत्रकारांना तो नकार प्रामाणिकपणे सांगतात, आणि कालपर्यंत डोक्यावर घेणारे शहर त्यांच्या दारात येऊन ओरडू लागते. माझ्या मागच्या रांगेतून एका मुलाने भीत भीत विचारले, “आई, देऊन टाकतील का बाळ?” त्यावर आई म्हणाली, “काहून देतील? चूप बस.” शास्त्रज्ञ बापाला मात्र इतके सरळ उत्तर देता येत नाही. एका जिवापुढे अब्जावधी जीव, हा हिशेब आपल्या मनात येऊन गेला हे तो बायकोपुढे कबूल करतो, आणि स्यू झालेल्या व्हेनेसा कर्बीच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटते त्यापुढे पुढची सगळी पाडापाडी मला फिकी वाटली. पेद्रो पास्कल यांनी हा रीड रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या हातापायांपेक्षा सतत काळजी करणाऱ्या मेंदूचा माणूस म्हणून उभा केला आहे, हे फार चांगले झाले.

एकचक्रेच्या लोकांनी पाळीपाळीने माणूस पाठवण्याची व्यवस्था मुकाट्याने मान्य केली होती. इथे ती व्यवस्था मोडणारे घरच लोकांना अपराधी वाटते. चित्रपटाने हा ताण आणखी थोडा वेळ धरून ठेवायला हवा होता. बाळाला कडेवर घेऊन स्यू जमावासमोर चार वाक्ये बोलते आणि लोक लगेच विरघळतात, हे मला काही पटले नाही; इतका समजूतदार जमाव मी निदान बर्डीच्या बाजारात तरी पाहिलेला नाही. उलट गॅलॅक्टसच्या येण्याची वर्दी देणाऱ्या रुपेरी अंगाच्या दूतीची कथा मनात रुतते, कारण आपले मूल आणि आपला ग्रह वाचावा म्हणून ती स्वतःच त्या राक्षसाच्या चाकरीत गेलेली असते. एकचक्रेतील त्या आईचे बोलणे खरे झाले असते, तर तिचेही असेच काहीसे झाले असते.

आम्हा वैदर्भीयांची भीमाशी विशेष जवळीक आहे. चिखलदऱ्याच्या दरीत त्याने कीचकाला फेकले असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे दगडी देहाचा बेन पाहताना माझी अपेक्षा जरा जास्तच होती. आपल्या जुन्या गल्लीत फिरणारा आणि घरात मन लावून स्वयंपाक करणारा हा दांडगा मनुष्य इबॉन मॉस-बॅकरॅक यांच्या आवाजामुळे लोभस झाला आहे (विराटाच्या घरी भीमही आचारीच होता), पण लेखकांनी त्याला मोजकेच प्रसंग दिले. शेवटची लढाई नेहमीसारखीच लांबली आहे.

त्या लढाईपेक्षा मला अखेरची फजिती अधिक आवडली. गॅलॅक्टसला तोंड देणारे हे चौघे मोटारीत बाळाची खुर्ची बसवायला जातात आणि तिचे पट्टे काही केल्या नीट लागत नाहीत. प्रत्येक जण दुसऱ्याला सूचना देतो आणि कोणीच कोणाचे ऐकत नाही. चित्रपटगृहात सर्वांत मोठा हशा याच प्रसंगाला पिकला, आणि त्यात बापमंडळींचा आवाज जरा अधिक होता.